चित्राआधी ओळ : फारसी काव्यपोथीचं चित्रित पान कसं वाचावं

माझे फारसीचे शिक्षक पहिल्याच दिवशी एक जाडजूड पुस्तक उघडून बसले. पानभर चित्र होतं. जिने, दारं, निळ्या फरशा आणि वर एका खोलीत दोन माणसं. मी वाकून बघायला लागलो, तोच त्यांनी वहीतलं पोस्टकार्ड काढून त्या दोन माणसांवर ठेवलं. "हे नंतर. आधी अक्षरं वाचा." चित्राच्या वर, मधे आणि खाली अक्षरांच्या पट्ट्या होत्या. त्या मला दिसल्याच नव्हत्या. तासभर आम्ही त्याच ओळी लावत बसलो. पोस्टकार्ड उचललं तेव्हा चित्र तेच होतं, पण मला आता त्यात काय चाललंय ते कळत होतं.

फारसी काव्याची ही पानं आपण कॅलेंडरवर पाहतो, फोनवर एकमेकांना पाठवतो. बहुतेक वेळा त्यांची अक्षरं कापलेली असतात. मला ते खटकतं. ही चित्रं भिंतीवर टांगायला काढलेली नाहीत. कवितेची एक ओळ संपते आणि दुसरी सुरू होते, त्या फटीत ती बसवलेली आहेत. म्हणून पान वाचायचा एक क्रम असतो, आणि त्यात चित्राचा नंबर पहिला नाही. तोच क्रम इथे सांगतो.

तयारी फार नाही. एक भिंग, कागद-पेन्सिल आणि निवांत दीड तास. पान संग्रहालयात बघत असाल तर फोटोची परवानगी आधी विचारा. घरी बसून करायचं असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आणि बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयाने आपल्याकडची अनेक पानं मोठ्या आकारात फुकट खुली ठेवली आहेत. फारसी येत नसेल तरी अडत नाही. यातल्या निम्म्याहून अधिक पायऱ्या लिपी न येताही चढता येतात.

उदाहरणाला मी तेच पोस्टकार्डवालं पान घेतो. शेख सादीने 'बोस्तान' हे काव्य इराणातल्या शिराझमध्ये १२५७ साली पूर्ण केलं. त्याची एक प्रत हेरातला (आजच्या अफगाणिस्तानात) तिथला राजा सुलतान हुसेन बायकरासाठी १४८८ साली तयार झाली. ती सुलतान अली या नामांकित लेखनिकाने लिहिली आणि कमालुद्दीन बेहजादने चित्रं काढली. आज ती कैरोच्या दारुल-कुतुब ग्रंथालयात आहे. तिच्या ५२व्या पानाच्या मागच्या बाजूवर यूसुफ झुलेखाच्या महालातून निसटतो आहे. यूसुफ म्हणजे इजिप्तमध्ये गुलाम म्हणून विकला गेलेला प्रेषित, झुलेखा ही त्याच्या मालकाची बायको. इस्लामी कलेवरच्या बऱ्याच पुस्तकांत हे चित्र छापलेलं असतं. समोर ठेवूनच पुढचं वाचलंत तर उत्तम.

पायरी १ : पान सरळ धरा

ही पोथी उजवीकडून डावीकडे उघडते. आपल्या सुट्या पानांच्या पोथीसारखी ती वर उलटत नाही. तिला शिवण आणि पुठ्ठा असतो. पुस्तक उघडं ठेवलं की उजव्या हाताला एका पानाची मागची बाजू येते आणि डाव्या हाताला पुढच्या पानाची पुढची बाजू. सुटं पान मिळालं तर समास बघा. अरुंद समास शिवणीकडचा, रुंद समास बाहेरचा. अरुंद समास डावीकडे असेल तर ती मागची बाजू.

मागच्या बाजूला तळाशी डाव्या कोपऱ्यात, चौकटीच्या बाहेर, तिरका लिहिलेला एखादा एकटा शब्द दिसतो का बघा. पुढच्या पानाचा तो पहिला शब्द. शिवताना पानांचा क्रम चुकू नये म्हणून लिहून ठेवलेला. फारसीत त्याला 'रकाबा' म्हणतात, आपल्या 'रिकीब'चाच हा भाऊबंद. दोन सुटी पानं एकामागची एक आहेत की नाहीत, हे या एका शब्दावरून ठरतं. पुढच्या काळात कुणी समास छाटले असतील तर हा शब्द अर्धा कापला गेलेला असतो. ती खूणही वहीत टिपून ठेवा.

पायरी २ : चौकट आणि रकाने

आता चित्र झाका. पोस्टकार्ड खरंच वापरा, त्याने फरक पडतो.

अक्षरांभोवती आखलेल्या रेघा मोजा. या आखणीला जदवल म्हणतात. एक सोनेरी पट्टी, तिच्या दोन्ही कडांना केसासारखी काळी रेघ, बाहेर एखादी निळी. भिंगातून पाहिलं तर कोपऱ्यावर रेघा किंचित एकमेकींना ओलांडून गेलेल्या दिसतात. तिथे आखणाऱ्याचा हात थांबलेला असतो. चित्राचा काही भाग चौकट फोडून समासात गेलाय का, तेही आत्ताच बघून ठेवा. घोड्याचा पाय, झाडाचा शेंडा, झेंड्याचं टोक असं काही बाहेर आलं असेल, तर लिहिणारा, रंगवणारा आणि आखणारा यांनी मिळून ते आधी ठरवलेलं असतं.

मग रकाने. कथाकाव्य मसनवी छंदबंधात असतं. प्रत्येक बैत म्हणजे दोन मिसऱ्यांची, म्हणजे अर्ध्या ओळींची, जोडी, आणि त्या दोघांचं यमक जुळतं. दोन रकाने असतील तर उजवा मिसरा, मग डावा. निजामीच्या 'खमसा'च्या किंवा फिर्दौसीच्या 'शाहनामा'च्या पानावर बहुधा चार रकाने असतात. तिथे नवखा माणूस पहिला रकाना वरून खालपर्यंत वाचत सुटतो आणि गोंधळतो. वाचायचं आडवं. उजवीकडून पहिला आणि दुसरा मिळून एक बैत, तिसरा आणि चौथा मिळून दुसरा, मग पुढची ओळ.

ओळी इतक्या सरळ कशा येतात? एका जाड पुठ्ठ्याला भोकं पाडून ठरावीक अंतरावर दोरे ताणलेले असत. त्याचं नाव मिस्तर. त्यावर कागद ठेवून अंगठ्याने घासला की दोऱ्यांचे वळ कागदावर उठतात. शाई नाही, पेन्सिल नाही, नुसते वळ. काचपेटीत उजेड कडेने पडत असेल तर जरा खाली वाकून बघा, पाचशे वर्षांपूर्वीचे ते वळ अजून दिसतात.

एखाद्या पानावर चित्राच्या आधीच्या ओळी अचानक तिरप्या होतात आणि मधल्या त्रिकोणी जागांत वेलबुट्टी भरलेली असते. ते नुसतं सजवणं नाही. तिरप्या ओळीला जागा जास्त लागते. अमुक बैत चित्राच्या अगदी तोंडाशी यायला हवा, आणि मजकूर तर कमी पडतोय, अशी अडचण आली की लेखनिक ओळी तिरप्या करून जागा भरतो. तिरप्या ओळी दिसल्या की समजा, महत्त्वाचा प्रसंग जवळ आला.

पायरी ३ : अक्षरांशी ओळख

लिपी नस्तालीक असते. प्रत्येक शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरतो. उर्दू वाचणाऱ्याला ही लिपी परकी नाही, पण जुन्या प्रतींत एक अडचण येते. 'गाफ'च्या डोक्यावरची दुसरी रेघ गाळलेली असते, त्यामुळे 'क' आणि 'ग' सारखेच दिसतात. टिंबंही कधी शेजारच्या अक्षराखाली सरकलेली असतात.

लिपी येत नसेल तर निदान नावं शोधा. लैलाचं नाव फारसीत 'लैली' असं लिहितात. लाम, ये, लाम, ये. म्हणजे दोन उंच दांडे आणि प्रत्येकाच्या मागे एक 'ये'. एकदा डोळ्यात बसलं की पानावर लांबूनही सापडतं. यूसुफ म्हणजे ये, वाव, सीन, फे. झुलेखा म्हणजे ज़े, लाम, ये, ख़े, अलिफ. अध्यायांची शीर्षकं लाल, निळ्या किंवा सोनेरी शाईत असतात. नाव बहुधा तिथेच मिळतं.

मराठी माणसाला एक भांडवल जन्मजात मिळालेलं आहे. कागद, कलम, दौत, शाई, दफ्तर, मजकूर, हकीकत, तारीख हे शब्द फारसीच्या वाटेनेच आपल्याकडे आले. 'पारसनीस' हे आडनावच फारसी लेखनाच्या कामावरून पडलं. 'खमसा' म्हणजे पाच काव्यांचा संच, हेही वेगळं शिकावं लागत नाही. शुहूर सनातली, म्हणजे अरबी आकड्यांत साल लिहिलेली, जुनी मराठी पत्रं वाचणाऱ्याला इसन्ने, सलास, अर्बा, खमस पाठच असतात.

छंदाचंही तसंच आहे. 'शाहनामा' आणि 'बोस्तान' दोन्ही मुतकारिब छंदात आहेत. चाल अशी : फऊलुन फऊलुन फऊलुन फऊल. लघु-गुरू-गुरू, लघु-गुरू-गुरू. हा आपला 'य' गण. चार 'य' गण म्हणजे भुजंगप्रयात, मनाचे श्लोक त्याच वृत्तात आहेत. मुतकारिबच्या शेवटी फक्त एक गुरू कमी पडतो. मी पहिल्यांदा सादीचा बैत मोठ्याने वाचला तेव्हा जिभेला ती चाल लहानपणापासूनची होती. अर्थ कळो न कळो, कुणाकडून तरी दोन ओळी वाचून घ्या आणि ऐका. पानावरच्या ओळींची लांबी, रकान्याची रुंदी, मधली मोकळी पट्टी हे सगळं या ठेक्यातूनच आलेलं आहे.

पायरी ४ : चित्राच्या दारातला बैत

चित्राच्या लगेच वर जो बैत आहे तो शोधा. या पानाची खरी किल्ली तोच. लेखनिक आधी लिहितो, मधे जागा सोडतो, पान मग चित्रकाराकडे जातं. जागा नेमकी कुठे सोडली, यावरून चित्रकाराला कोणता क्षण दिलाय ते कळतं. त्या बैताचा अर्थ लावा. येत नसेल तर मान्यवर भाषांतर काढून तेवढा प्रसंग पूर्ण वाचा. आधीची दहा-वीस ओळ आणि नंतरचीही दहा-वीस.

आपल्या पानावरचा सादीचा प्रसंग फार लहान आहे. झुलेखा प्रेमाने बेभान होऊन यूसुफवर झडप घालते. तिच्याकडे संगमरवराची एक मूर्ती आहे, तिची ती रोज सकाळ-संध्याकाळ पूजा करते. त्या क्षणी ती मूर्तीचं तोंड कापडाने झाकून टाकते. देवाने हे बघू नये म्हणून. यूसुफ डोक्याला हात लावून कोपऱ्यात बसतो. ती पाया पडते. तो रडत म्हणतो, तुला दगडाची लाज वाटली, मग मला त्या परमेश्वराची वाटू नये?

एवढंच. यात महाल नाही, जिने नाहीत, बंद दारं नाहीत. हे नीट लक्षात ठेवा आणि आता पोस्टकार्ड उचला.

गझलेचं पान असेल तर ही पायरी थोडी वेगळी होते. गझलेत सलग गोष्ट नसते, प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा असतो. त्यामुळे हाफिजच्या दिवानात, म्हणजे कवितासंग्रहात, चित्रकार एखादाच शेर उचलतो. सुलतान मुहम्मद या चित्रकाराचं १५२६-२७च्या सुमाराचं एक प्रसिद्ध पान आहे. तिथे छतावर देवदूत मद्य पिताहेत, खाली माणसं झिंगून नाचताहेत, आणि वरच्या छोट्याशा पट्टीत हाफिजचा देवदूताच्या हातातल्या पेल्याचा शेर आहे. ती पट्टी वाचली नाही तर खालचा गोंधळ नुसती दारूची मेजवानी वाटतो.

पायरी ५ : चित्रात शिरा

इथे घाई करू नका. निम्मा वेळ याच पायरीला द्या.

पेन्सिलने चौकटीचा ढोबळ नकाशा काढा. चित्रकला यायला नको, नुसते चौकोन पुरेत. यूसुफच्या पानावर असा नकाशा काढलात तर पंधरा मिनिटांत ध्यानात येतं की हे सगळं चित्र म्हणजे एक बांधकाम आहे. खालच्या प्रवेशदारापासून बोट ठेवून वर निघा. अंगण, दार, जिना, दार, वळण, पुन्हा जिना. दारं मोजत चला. सात होतात. सगळी बंद. बोट वरच्या खोलीत पोचतं तिथे लाल वस्त्रातली झुलेखा गुडघ्यावर झेपावून हिरव्या झग्यातल्या यूसुफला मागून धरू बघतेय. यूसुफच्या डोक्याभोवती सोनेरी ज्वाळांचं वलय आहे. तो प्रेषित असल्याची ती खूण.

सादीने न सांगितलेली ही सात दारं आली कुठून? जामीच्या 'यूसुफ व झुलेखा'तून. अब्दुर्रहमान जामी याच हेरात शहरात राहत होता. त्याचं हे काव्य १४८३ साली पुरं झालं, म्हणजे चित्राच्या अवघी पाच वर्षं आधी. त्या काव्यात झुलेखा एकात एक सात दालनं असलेला महाल बांधून घेते. यूसुफला एकेका दालनातून आत नेते आणि मागे दर वेळी दार बंद करते. तो पळतो तेव्हा कुलपं आपोआप गळून पडतात. बेहजादने पान रंगवलं सादीचं आणि वाडा बांधला जामीचा. तो हे लपवतही नाही. महालाच्या कमानीभोवतीच्या निळ्या पट्टीत पांढऱ्या अक्षरांत जामीच्याच ओळी लिहिल्या आहेत. इमारतीवर लेख कोरावा तशा. म्हणजे पानावर दोन कवी आहेत. एक चौकटीतल्या पट्ट्यांत, दुसरा भिंतीवर. हे त्या दिवशी मला पोस्टकार्डमुळे कळलं. अक्षरं कापून चित्र पाठवणाऱ्याच्या हाती यातलं काहीच लागत नाही.

जामीच्या महालातल्या भिंतींवर झुलेखाने स्वतःची आणि यूसुफची प्रणयचित्रं काढून घेतलेली असतात. बेहजादने ती गाळली. भिंतींवर फक्त भौमितिक नक्षी आहे. शिवाय दरबारी फारसी चित्रांत नेहमी दिसणारी गर्दी, दासी, पहारेकरी, खिडकीतून डोकावणारे, यांतलं इथे कुणी नाही. एवढ्या मोठ्या वाड्यात दोनच माणसं. बघणारा दुसरा कुणी नाही, आणि यूसुफला त्याच एका बघणाऱ्याची आठवण आहे. सादीचा बैत असा रिकाम्या जिन्यांतून बोलतो.

दुसरं कुठलंही पान घेतलंत तरी काही रीती कायम असतात. वरचं ते लांबचं, खालचं ते जवळचं. लांबचा माणूस लहान काढलेला नसतो. सावली नसते. रात्र असली तरी काळोख नसतो. आकाशात चंद्र-चांदण्या, खाली पेटलेल्या मेणबत्त्या किंवा मशाली, आणि माणसांचे कपडे भर दुपारसारखे झगझगीत. अंगण वरून पाहिलेलं, भिंत समोरून पाहिलेली, दोन्ही एकाच चित्रात. याला चूक म्हणू नका. प्रत्येक वस्तू जिथून सगळ्यात नीट दिसते तिथून दाखवायची, असा त्यामागचा हिशेब आहे.

हात बघा. ओठांशी बोट नेलेला माणूस चकित झालेला असतो. फारसीत ते 'आश्चर्याचं बोट'. तोंडात बोट घालणं आपल्यालाही सांगावं लागत नाही. शाहनाम्याच्या पानावर टेकडीमागून डोकावणाऱ्यांपैकी कुणाच्या तोंडात बोट आहे ते शोधा आणि त्याची नजर जिकडे आहे तिकडे बघा. प्रसंगाचा गाभा तिथेच असतो.

चेहरे सगळे सारखेच, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कवितेत प्रेयसी चंद्रमुखी, सरूच्या झाडासारखी सरळ, भुवया धनुष्यासारख्या. चित्रकार त्याच उपमा रंगवतो, त्याला व्यक्तिचित्र काढायचं नसतं. तरी त्या काळच्या जाणत्यांनाही चेहऱ्यांबद्दल मतं होतीच. बाबर १५०६ साली हेरातला जाऊन आला होता. त्याने आत्मचरित्रात बेहजादची नाजूक कामाबद्दल स्तुती केली आणि पुढे लिहिलं की बिनदाढीचे चेहरे त्याला चांगले जमत नाहीत, हनुवटी फार वाढवतो, दाढीवाले मात्र छान काढतो. बाबरचं हे मत घेऊन कुठलंही बेहजादी पान भिंगाखाली धरा. बघायला एक काम मिळतं.

पगडी बघायला विसरू नका. पगडीतून उभा लाल दांडा वर आलेला दिसला तर ते सफवी काळातल्या किझिलबाशांचं, म्हणजे इराणच्या सफवी राजांच्या लढवय्या अनुयायांचं, शिरस्त्राण. पहिला सफवी राजा शाह इस्माईल १५०१ साली गादीवर आला, त्यानंतरची ही रीत. म्हणजे चित्र बहुधा सोळाव्या शतकातलं.

पायरी ६ : रंग आणि जखमा

कागद आधी. खळ लावून वाळवलेला कागद गारगोटीने किंवा अकीकाच्या दगडाने घोटत. घोटीव कागद म्हटलं की आपल्याला दौलताबादजवळचं कागजीपुरा आठवतं, तीच विद्या. घोटलेल्या कागदावर शाई पसरत नाही, वरच्यावर राहते. म्हणून चूक झाली तर ओल्या बोटाने पुसताही येते.

निळा म्हणजे लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला दगड कुटून केलेला. लाल बहुधा हिंगूळ. पिवळा हरताळ. आपण 'हरताळ फासला' म्हणतो ते याच रंगावरून, पोथीत चुकलेल्या अक्षरांवर तो लावून वर पुन्हा लिहीत. फारसी पानावर मात्र तो झग्यांत आणि फुलांत झळकतो.

काळा ओढा दिसला तर थांबा. निजामीच्या काव्यातला राजा खुस्रो आंघोळ करणाऱ्या शिरीनला बघतो, या प्रसंगाच्या कितीतरी पानांत पाणी काळंकुट्ट दिसतं. चित्रकाराने तिथे चांदी लावली होती. हवेने ती काळी पडली. डोळे मिटून त्या जागी चकचकीत चांदी ठेवा आणि मग पुन्हा चित्र बघा, शिरीनचं अंग आणि पाणी यांचं नातंच बदलतं. चिलखतं, तलवारी, आरसे, सगळीकडे हेच झालेलं असतं. सोनं मात्र तसंच राहतं. पान किंचित कलतं धरलं तर सोन्यावर टोचणीने पाडलेली टिंबं चमकतात.

हिरव्या कडेला कागद तपकिरी पडून फाटला असेल तर तो जंगार. तांब्यापासून केलेला हा हिरवा रंग कागद खातो. त्या काळच्या कारागिरांना हे माहीत होतं, आणि बचाव म्हणून जंगारात केशर मिसळायला सांगणाऱ्या कृती आहेत. चौकटीच्या रेषेवरच कागद उभा चिरलेला असेल तर आखणीतला जंगारच बहुधा दोषी.

कधी पहिल्या किंवा शेवटच्या पानावर 'या कबीकज' असे शब्द सापडतात. किड्यांनी पोथी खाऊ नये म्हणून घातलेलं ते साकडं. त्याच पानावर वाळवीची भोकंही असतात.

पायरी ७ : साल, सही, शिक्के

पोथीच्या शेवटच्या पानावर लेखनिक आपलं नाव, गाव आणि हिजरी साल लिहितो. आपल्या पानाचं वैशिष्ट्य असं की साल आणि बेहजादची सही दोन्ही चित्रातल्या महालाच्या भिंतीवरच आहेत. भिंगाने शोधावी लागतात.

हिजरी साल इसवीत आणायची सोपी रीत : सालाला ३३ने भागा, भागाकार सालातून वजा करा, ६२२ मिळवा. ८९३ घ्या. ३३ने भागले की २७. ८९३ वजा २७ म्हणजे ८६६. अधिक ६२२, म्हणजे १४८८. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, कारण चांद्रवर्ष इसवी वर्षाच्या अधेमधे सुरू होतं.

शिक्के प्रत्येकी वेगळे टिपा. बदामी, गोल, चौकोनी, कुणी नंतर घासून टाकलेला. पोथी कुणाकुणाच्या किताबखान्यातून फिरली ते त्यांवरून उलगडतं.

पायरी ८ : सुट्या पानापुढे सावध

समोर एकटंच पान चौकटीत लावलेलं असेल तर ते पुस्तकातून कुणीतरी काढलेलं आहे, हे विसरू नका. सफवी राजा शाह तहमास्पच्या शाहनाम्यात ७५९ पानं आणि २५८ चित्रं होती. विसाव्या शतकात त्याचे अमेरिकी मालक आर्थर हॉटन यांनी ती पोथी फोडली. ७८ चित्रं मेट्रोपॉलिटनला गेली, बाकीची हळूहळू विकली गेली. उरलेली ११८ चित्रं आणि मजकूर १९९४ साली इराणला परत मिळाला. त्याच्या बदल्यात इराणने आधुनिक चित्रकार विलेम द कूनिंगचं एक चित्र दिलं. ही हकीकत मला कधीच थंडपणे वाचता येत नाही. साडेचारशे वर्षं जी पोथी एकत्र राहिली होती, ती एका माणसाच्या हयातीत विखुरली.

बाजारात 'जुनं फारसी पान' म्हणून विकायला येतं त्यातलं बरंचसं नवं असतं. कागद खरा जुना असतो, एखाद्या हिशेबाच्या वहीचा किंवा धार्मिक ग्रंथाचा, आणि त्यावर काल-परवा चित्र रंगवलेलं. मी अशी पानं हातात घेऊन पाहिली आहेत. ओळखायचं असं : चित्राच्या कडेला अक्षरं रंगाखाली गडप होतात का? खऱ्या पानावर चित्रासाठी जागा सोडलेली असते, रंग अक्षरांवर चढत नाही. मजकुरात मिसऱ्यांच्या जोड्या आहेत का, की सलग गद्य आहे? अक्षरांचा काळा सगळीकडे एकसारखा सपाट असेल तर ते शिळाछापाचं पान. बोरूच्या शाईत गडद-फिकट चढउतार असतोच. आणि मागची बाजू बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

घरात वारशाने असं काही आलं असेल तर हात धुऊन, कोरडे करून हाताळा. कागदासाठी हातमोज्यांपेक्षा स्वच्छ बोटं बरी, त्यांना कागदाची कड कळते. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. पुस्तक सपाट उघडू नका, दोन्ही बाजूंना उशा देऊन अर्धवट उघडा. भारतात ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

आपल्या दारातली पोथी

हे सगळं शिकून झाल्यावर कुठे जावं, असं विचाराल तर पाटण्याचं खुदाबक्श ग्रंथालय आहे, रामपूरचं रजा ग्रंथालय आहे, हैदराबादचं सालारजंग संग्रहालय आहे. पण मराठी वाचकाने आधी पुण्यातली एक पोथी जाणून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची ही स्तुती आफताबी नावाच्या कवीने फारसी मसनवीत लिहिली. तालिकोटची १५६५ची लढाई तिच्यात आहे. १२ चित्रं शिल्लक आहेत, दख्खनी चित्रकलेच्या अगदी सुरुवातीची. एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलून येतं. ही दोहदाची कल्पना संस्कृत काव्यातली आणि पान मात्र फारसी, यावरूनच कळतं की ते दख्खनमध्ये घडलंय. मूळ पोथी फार नाजूक आहे. मंडळाने ती छापूनही काढली आहे, तेव्हा सुरुवात छापील प्रतीपासून करा.

वर सांगितलेल्या आठही पायऱ्या त्या पानांना लावून बघा. रकाने, मिसरे, चौकट, रंग. मग राजाच्या शेजारच्या जागेकडे या. अनेक चित्रांत तिथली आकृती कुणीतरी पुसून टाकलेली आहे. ती राणी खुंझा हुमायूंची. नवरा १५६५मध्ये वारल्यावर अल्पवयीन मुलाच्या नावाने तिने राज्य चालवलं आणि १५६९ साली मुलाच्याच बाजूच्या लोकांनी तिला कैद केलं. पोथी या चार वर्षांतली असावी असं अभ्यासक मानतात, ते यामुळेच. रंगवलेला चेहरा नाहीसा केला, पण तिच्या रूपाची स्तुती करणारे आफताबीचे बैत पुसणाऱ्यांना खोडावेसे वाटले नाहीत. इथे पोस्टकार्ड लागत नाही. चित्र आधीच झाकलेलं आहे, आणि तिथे कोण बसलं होतं ते ओळी वाचूनच समजतं.